सोळा नंबरची खोली

तारांतो, २१ एप्रिल

आदरणीय आणि (तू मानत नसलीस तरी) लाडक्या कोझिमाताईस, धाकट्या एजीदिओचा वाकून नमस्कार.

संत कातालदोच्या कृपेने इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. म्हणजे माझा डावा गुडघा सोडून, आणि तुझ्या भावजयीचा, अद्दोलोराताचा, स्वभाव सोडून. पण गुडघा निदान हवा बदलली की दुखतो, तिच्या स्वभावाला तेवढंही निमित्त लागत नाही. भावोजींचा संधिवात कसा आहे? त्यांना म्हणावं, तोरिनोच्या धुक्यात हाडं कुजत घालण्यापेक्षा इकडे या, दहा दिवस उन्हात बसा. माणूस आणि टोमॅटो, दोघांनाही ऊन लागतं असं आपली आई म्हणायची. (तिने हे भावोजींना पहिल्यांदा पाहिल्यावरच म्हटलं होतं, पण तो विषय आत्ता नको.)

पत्रास कारण की, तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांत नाताळच्या कार्डावरची सही सोडली तर तुझं अक्षर पाहिलं नव्हतं. पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा आधी वाटलं, कोणीतरी गेलं. मग वाचलं की संत कातालदोच्या जत्रेला तुम्ही दोघं येताय, आणि असा आनंद झाला की मी दारातच उभ्याउभ्या मोठ्याने हसलो. मग पुढची ओळ वाचली. 'आम्हाला तुमच्यावर भार टाकायचा नाही, तेव्हा एखाद्या हॉटेलात खोली बघून ठेव. शांत असावी, जिने फार नसावेत आणि खिडकीतून समुद्र दिसावा.' ताई, तू थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. ज्या घरात तू जन्मलीस, ज्या घराच्या खिडकीतून तू माझ्या डोक्यावर (मुद्दाम, हे मी साठ वर्षं सांगतोय) पाण्याची बादली ओतलीस, ते घर इथे उभं असताना तू हॉटेलात उतरणार? आपल्या जुन्या शहराच्या बेटावर आजवर कोणाची बहीण हॉटेलात उतरली आहे का? उद्या जत्रेत संताची मूर्ती गलबतावर चढवताना माणसं संताकडे नाही, माझ्याकडे बघतील.

कारण मला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार मी विसरलेलो नाही. तू आईच्या पद्धतीने तिएल्ला केलीस, मातीच्या पसरट भांड्यात बटाटा, तांदूळ आणि वर आपल्या लहान समुद्रातले, काळ्या शिंपल्यांतले शिणाणे. आणि अद्दोलोराताने तिच्या लेच्चेकडच्या पद्धतीने केली, म्हणजे त्यात झुकिनी घालून. दोन भांडी टेबलावर आली. दोघी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिलात, आणि तू विचारलंस, "बोल एजीदिओ, कुठली?" तेव्हा मी म्हणालो, "दोन्ही छान आहेत." बस, एवढंच म्हणालो. जगात याहून निरुपद्रवी वाक्य नसेल. पण तू म्हणालीस, "आईच्या पोटी पाव जन्माला आला असता तर तोही तुझ्याइतका मऊ निघाला नसता," आणि अद्दोलोराता म्हणाली, "अहो, स्पष्ट सांगा ना, बहिणीला घाबरता का?" संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस. बायको तीन आठवडे माझ्याशी फक्त मांजराच्या मार्फत बोलली. तेव्हापासून आमच्या घरात झुकिनी येत नाही आणि तुझं नावही निघत नाही. दोन्हीची मला तितकीच आठवण येते. (झुकिनीची कमी.)

तर मी ठरवलं की हॉटेल बघायचं, पण अद्दोलोराताला कळू द्यायचं नाही. तिला कळलं की नणंद घर सोडून हॉटेलात उतरणार, तर ती तो अपमान कायमचा जपून ठेवील, आणि तुमच्यातलं उरलंसुरलं तुटेल. तुझं पत्र मी शिणाण्यांच्या जुन्या दोऱ्यांच्या पेटीत तळाशी लपवलं. ती पेटी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, कारण तिला अजून वास येतो. मंगळवारी सकाळी रविवारचा कोट घातला, बायकोला सांगितलं की पेन्शनच्या कचेरीत जातोय, आणि त्रिफोनेकडे दाढी करायला गेलो. इथेच चुकलं. तीस वर्षं मी शनिवारीच दाढी करतो. त्रिफोने वस्तरा थांबवून म्हणाला, "मंगळवारी? कोटात? काका, कोण आहे ती?" मी म्हणालो, मूर्खा, कचेरीत चाललोय. तो म्हणाला, "हो हो, कचेरीतच," आणि मी न मागता कोलोनची अख्खी बाटली माझ्या मानेवर उपडी केली.

त्या वासासह फिरता पूल ओलांडून मी नव्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात गेलो. काउंटरवर मिलानोहून आलेली एक मुलगी होती, फार गोड बोलणारी. समुद्र दिसणारी खोली हवी म्हटल्यावर तिने वर नेऊन झर्रकन पडदा बाजूला केला आणि "हा घ्या समुद्र!" असं म्हणाली, जणू तिनेच विणून आणलाय. मी बघितलं. मी म्हणालो, "बाळ, हा समुद्र नाही. हा मोठा समुद्र आहे." आता तिला काय सांगणार? आपल्या घरात 'समुद्रावर गेलेत' म्हटलं की बाबा लहान समुद्रावर, शिणाणे वाढवायच्या दोऱ्या बांधलेल्या खांबांवर; मोठा समुद्र म्हणजे जिथे आरमारी जहाजं जातात, आणि परत न येणारी माणसं. तू सात वर्षांची असताना मास्तरांनी समुद्राचं चित्र काढायला सांगितलं, तर तू नुसते खांब आणि दोऱ्या काढून आलीस, आणि नापास झालीस. तेव्हा तू 'समुद्र' लिहिलंस म्हणजे कुठला, ते मला पुन्हा विचारायची गरज नव्हती. त्या मुलीला मात्र हे पटेना. ती म्हणाली, "पण पाहुणे याच समुद्रासाठी भांडतात हो!" मी म्हटलं, भांडू देत, त्यांची आई वेगळी.

तरी गादी कशी आहे ते बघून ठेवावं, तुलना करायला बरी पडते, म्हणून बूट काढून क्षणभर आडवा झालो. मुलीला खालून फोन आला, ती गेली. ताई, त्या गादीवर मला झोप लागली. नुसती डुलकी नव्हे, गाढ झोप, घोरण्यासकट. जागा झालो तेव्हा दुपार टळून गेली होती. केस विस्कटलेले, कोट चुरगळलेला, एका हातात बूट, अंगाला कोलोनचा घमघमाट, अशा थाटात मी हॉटेलच्या दारातून बाहेर पडलो, आणि समोर फुटपाथवर कोण? त्रिफोनेची बायको. तिने मला नमस्कारसुद्धा केला नाही. नुसती तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून गेली.

दुसऱ्या दिवशी आख्ख्या बेटावर झालं की एकाहत्तर वर्षांच्या एजीदिओने बाई ठेवली. आणि लोकांचं चुकलं तरी कुठे? स्वतःच्याच शहरात माणूस हॉटेलात दुसऱ्या कशाला जाईल? मासळीच्या धक्क्यावर ज्या पोरांनी मला आजवर 'ए म्हाताऱ्या' म्हटलं ती टोप्या काढायला लागली. फादर ऊगोंनी मला चर्चच्या मागच्या दाराशी गाठून अर्धा तास वासनेवर बोलून घेतलं, आणि शेवटी हळूच विचारलं की विधवा आहे का. मी खरं सांगायला तोंड उघडलं. मग विचार केला: खरं काय सांगू? की बाई नाही हो फादर, माझी सख्खी बहीण येतेय आणि मी तिला हॉटेलात उतरवतोय? मी तोंड मिटलं. मान खाली घातली. म्हणालो, "माणूस आहे, फादर." ताई, बाई ठेवली असं लोकांनी म्हटलेलं चालेल, त्याला निदान कोणीतरी टोपी काढतं, बहिणीला बाहेर ठेवली असं म्हटलेलं मला सहन होणार नाही. तर तुझ्या अब्रूसाठी मी या वयात व्यभिचारी झालो आहे, एवढं लक्षात असू दे.

अद्दोलोराताच्या कानावर गेलंच असणार. दोन दिवस पास्त्यात मीठ नव्हतं.

शुक्रवारी मी लहान समुद्राकडे गेलो, पाल्मीराबाईंच्या लॉजवर. ही पाल्मीराबाई म्हणजे दोरखंडवाल्या येर्माल्दोची सून, तू तिला ओळखतेस. तोंडाला कुलूप असलेली बेटावरची एकमेव बाई. जिना एकच, पण लांब. तिने आधी अठरा नंबरची खोली दाखवली. प्रशस्त, खिडकी मोठी. मी घेणारच होतो, इतक्यात लक्षात आलं की शेजारच्या दारावर सोळा आहे. म्हटलं, बाई, सतरा कुठे आहे? ती म्हणाली, "अशुभ आकडा, सासऱ्यांनी ठेवलाच नाही." म्हणजे सोळानंतरची ही अठरा खरं तर सतराच की! नाव बदललं म्हणून खोलीला कळत नाही का? माझ्या बहिणीला मी त्यात झोपवणार नाही. (अपशकुन टळावा म्हणून मी लगेच खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लावला. भावोजींना हसू दे, तिकडे उत्तरेत त्यांचं काही बिघडत नाही, कारण तिकडे काही घडतच नाही.) म्हणून सोळा उघडायला लावली. खोली लहान, शांत. खिडकी उघडली आणि समुद्र दिसला. आपला. खांब, दोऱ्या, मधोमध बाबांची जुनी जागा, सगळं.

आणि समुद्राच्या अलीकडे आपली गच्ची दिसली. गच्चीवर अद्दोलोराता. मला वाटलं, मलाच शोधतेय. पण ती खाली बघत नव्हती. तुझ्या लग्नाआधीच्या खोलीतली गादी तिने कठड्यावर टाकली होती आणि दांडक्याने असा मार देत होती की तीत मीच असावा. मग तिने आत जाऊन एक चादर आणली आणि दोरीवर टाकली. पांढरी, कडेला निळ्या दोऱ्याने विणलेली अक्षरं. आईच्या लग्नातली चादर, ताई. जोडीतली एक तुझ्याकडे, एक इथे आपल्या कपड्यांच्या पेटीत. ती आई गेली तेव्हापासून पेटीतून निघालेली नाही. अद्दोलोराताने तिच्या सुरकुत्या तळहाताने सरळ केल्या, कोपरा नाकाशी नेऊन वास घेतला, आणि पुन्हा नीट ताणली. मी त्या खिडकीत उभा राहून रडलो. लाज वाटत नाही सांगायला. पाल्मीराबाईने मागून विचारलं, "खोली पसंत नाही का?" मी म्हटलं, फार पसंत आहे, आणि तिथल्या तिथे वहीत सही केली.

घरी येऊन मी सहज विचारावं तसं विचारलं, ती चादर कशाला काढलीस? "कसर लागू नये म्हणून." मी म्हटलं, इतकी वर्षं लागली नाही ती? "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तुमच्या बाईकडे लक्ष द्या," म्हणाली, आणि ताटात पास्ता वाढला. मीठ होतं.

असो. पत्र लांबलं. भावोजींना नमस्कार, आणि येताना लोकरीचे कपडे आणू नका, इथे मे महिन्यात माणसं उघडी फिरतात.

तुझा आज्ञाधारक (कधीकधी) भाऊ,
एजीदिओ

ता.क. खोली सोळा नंबरची आहे, समुद्र दिसतो, शांत आहे, आणि तू तिथे उतरू नयेस. तू चौऱ्याहत्तरची, मी एकाहत्तरचा. अजून किती जत्रा आपल्याला मिळणार? स्टेशनावरून सरळ घरी ये. भांडायचं असेल तर घरी येऊन भांड.

ता.क. दुसरा. त्या रविवारी मी खोटं बोललो. दोन्ही छान नव्हत्या. तुझी छान होती. बिनझुकिनीची, आईसारखी. हे मी अकरा वर्षं पोटात ठेवलं आहे, कारण तू गाडीत बसून तोरिनोला जातेस, मला इथेच जेवायचं असतं. वाचून झाल्यावर हे पत्र जाळ. अद्दोलोराता पोस्टाकडेच चालली आहे, तिच्याच हाती देतो. दुसऱ्याचं पत्र उघडायची तिला सवय नाही.

ता.क. तिसरा (हे अक्षर माझं आहे, वन्सं, अद्दोलोराताचं). तुमचं पत्र मी ते पेटीत गेलं त्याच दिवशी काढून वाचलं होतं. त्या पेटीच्या वासाची मला चाळीस वर्षं सवय आहे. बाईवर माझा विश्वास एक मिनिटही बसला नाही, यांना कोण घेणार? तरी दोन दिवस मीठ बंद ठेवलं, कारण गल्लीत माणसाची किंमत राहायला हवी. वरचं वाचलं. बरं झालं, अकरा वर्षांनी का होईना, या माणसाच्या तोंडून एक उत्तर निघालं. तुम्ही घरीच या, चादर घातली आहे. पहिल्या दिवशी तुमच्या आईसारखी तिएल्ला करू, तुम्ही दाखवा, मी बघेन. दुसऱ्या दिवशी माझी करू, तुम्ही बघा. दोन्ही छान आहेत असं जो म्हणेल, त्याने सोळा नंबरच्या खोलीत झोपावं, ती मी सोडलेली नाही.