काठाची जमीन आणि उज्ज्वलाचा कॅमेरा

मी, सुभाष चिमाजी गावडे, राहणार येडगाव, तालुका जुन्नर, धंदा शेती, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही.

१. राहते घर व राजुरीचे शेत मुलगी नूतन हिला. जावयाने त्यात तोंड घालू नये.

२. धरणाच्या काठाचा माझ्या मालकीचा तुकडा. माझी पत्नी कै. उज्ज्वला तिथे बाभळीआड बसून थंडीत येणाऱ्या पेलिकन पक्ष्यांचे फोटो काढायची. मी स्टँड उचलायचो. आता मीच जातो, बटण दाबतो. फोटो चांगले येतात म्हणे. मला काही वाटत नाही.

हा तुकडा धाकटा भाऊ संपत मागतो. त्याचा धरणात मासेमारीचा ठेका आहे. पेलिकन मासे खातात म्हणून तो सुतळी बॉम्ब लावून त्यांना उठवतो. उज्ज्वलाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नूतनला सांभाळीन म्हणालो, घर सांभाळीन म्हणालो. नाहीच. ऊन तापले, पाव्हणे चुळबुळायला लागले. तेव्हा संपत हात जोडून पुढे आला, "वहिनी, तुमच्या पाखरांवर परत फटाका लावणार न्हाई. जावा आता." लगेच कावळा शिवला. सगळ्या घाटाने पाहिले. मी तेव्हा रडलो, ते शेवटचे.

पुढच्याच थंडीत त्याने बॉम्ब लावले. विचारले तर म्हणाला, "दादा, कावळा शिवला ना? मग झालं की राव!" मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

सबब हा तुकडा संपतचीच मुलगी समृद्धी हिला देतो. पक्षी उतरले की तीच फोन करते, "आप्पा, आले बरं का, लवकर या." तिने तो विकू नये. फटाके घेऊन आला तर बापालाही पाय ठेवू देऊ नये.

३. कॅमेरा संपतला. त्यात उज्ज्वलाने काढलेला त्याचा एक फोटो आहे, ठेका घेण्याआधीचा. होडीत उभा राहून पेलिकनला मासा फेकतोय आणि लई हसतोय. तो त्याने बघावा.

४. माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही, तर संपतने पुढे येऊ नये, शब्द देऊ नये. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा आणि सगळ्यांनी जेवायला जावे. माझी इच्छा राहिली असेल तर राहू द्या.

वाचून, समजून सही केली.
सुभाष चिमाजी गावडे

साक्षीदार (दोघेही त्या दिवशी घाटावर होते):
१. बहिरू भागू डुंबरे, बेल्हे
२. भरत कुशाबा नेहरकर, येडगाव

ठिकाण : जुन्नर
दिनांक : ९ डिसेंबर २०२४