घरातल्या मेणबत्त्या माझ्या ताब्यात

३ जुलै
लॉन्सेस्टनमध्ये ऐन हिवाळा, हाडं गोठवणारी थंडी. एनिडने, म्हणजे मेव्हणीने, माझ्या बायकोला, लॉर्नाला, काचेच्या भांड्यांतल्या दोन मेणबत्त्या दिल्या. लॅव्हेंडर. लॉर्ना लगेच पेटवायला निघाली. मी म्हणालो, थांब, हे जबाबदारीचं काम आहे. आजपासून घरातल्या मेणबत्त्या माझ्या ताब्यात. ती म्हणाली, घे बाबा, तुझं तूच बघ. केवढा विश्वास!

४ जुलै
पेटवण्याआधी वात कापायची, हा नियम. कापली. जरा जास्तच. ज्योत लागते आणि मेणात बुडून मरते. माल निकृष्ट. बटरच्या सुरीने खणून वात बाहेर काढायचा प्रयत्न केला. नाश्त्याच्या टोस्टला लॅव्हेंडरचा वास. लॉर्नाने टोस्ट हुंगून परत ठेवला.

७ जुलै
दुसरी मेणबत्ती. पहिल्या वेळी वरचं सगळं मेण वितळू द्यायचं, नाहीतर मधोमध खड्डा पडतो. लॉर्नाला हे सविस्तर समजावलं. इतक्यात टीव्हीवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल सुरू झाला, म्हणून फुंकली. खड्डा पडला. अंपायरही नालायक होता.

११ जुलै
मेण पातळ असताना भांडं हलवू नये. हे लॉर्नाला दाखवण्यापुरतंच हलवलं. मेण गालिच्यावर. वर कागद ठेवून इस्त्री फिरवली. मेण निघालं. तेवढा गालिचाही निघाला.

१५ जुलै
एनिडचा फोन. म्हणे, बॅटरीच्या मेणबत्त्या घ्या, भावोजींना झेपेल. फोन आपटला. लॉर्ना म्हणाली, क्लाइव्ह, बाकी काही नको, खोलीतून जाताना विझवत जा आणि पडद्यापासून लांब ठेव. हे मला सांगते!

१९ जुलै
लग्नाचा वाढदिवस. लॉर्नाने कोकराचा रोस्ट केला. मी खिडकीत मेणबत्ती लावली, शोभा म्हणून. वाइन आणायला गॅरेजकडे गेलो, तर कुंपणापाशी शेजारचा स्टाव्रोस. त्याला मेणबत्तीच्या सुरक्षिततेबद्दल सांगत होतो. तो मध्येच म्हणाला, अरे, तुझा पडदा पेटलाय. मी म्हणालो, विषय बदलू नकोस.

मी पोचेपर्यंत लॉर्नाने पडदा ओढून, ओला टॉवेल टाकून विझवला होता. नळाखाली हात धरून उभी होती. तळहात लालबुंद. मी पडदेवाल्याला दोष देऊन पाहिला. तिने नळ आणखी सोडला. नंतर वाइन उघडायचं धाडस झालं नाही.

२० जुलै
तिच्या हाताला बँडेज. तिने विचारलं, धुराचा अलार्म का वाजला नाही? टोस्ट भाजताना कोकलतो म्हणून बॅटरी मीच काढून ठेवली होती. सांगावं लागलं. मी म्हणालो, मेणबत्त्यांचा राजीनामा देतो. ती म्हणाली, शिडी आण.

अलार्ममध्ये बॅटरी तिनेच बसवली, एका हाताने. मी शिडी धरली होती. वरून म्हणाली, दोन्ही हातांनी धर.

धरली.