अंकल लेसची खोली

प्रिय ताहिर,

सलाम. चार वर्षांनी आपाचं पत्र आलं, तेही कागदावर, म्हणून घाबरू नकोस. तब्येतीने सगळे बरे आहेत. हे फोनवर सांगता आलं नसतं. तू ‘हां आपा, हां आपा’ म्हणत फोन ठेवला असतास आणि मीही ठेवू दिला असता.

इथे आखातात मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथे यंदा खेळाचे नवे सर आलेत. नाव जॅरड, वय तिशीचं, ऑस्ट्रेलियाचे. त्यांच्या रेसिडेंट कार्डाचे कागद माझ्याकडे होते. फॉर्म भरता भरता मी सहज विचारलं, मूळचे कुठले? ते हसून म्हणाले, मूळचेच. मला कळेना. मग म्हणाले, ॲबोरिजिनल. गोरे लोक यायच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे राहणाऱ्यांतले. खरं सांगू, माझ्या डोळ्यांपुढे भूगोलाच्या पुस्तकातलं भाला घेतलेल्या माणसाचं चित्र आलं, आणि समोर तर इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस चहात तीन चमचे साखर घालत होता. माझी मलाच लाज वाटली.

पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्या दिवसापासून ते चहाला आले की माझे प्रश्न सुरू. चौदाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडल्यातच जमा होती म्हणे. वर्गात इतिहास सुरू व्हायचा तोच गोऱ्यांची जहाजं किनाऱ्याला लागल्यापासून. त्याआधी जणू तिथे कुणी नव्हतंच. शिक्षकांना ॲबोरिजिनल मुलांची नावं धड घेता येत नसत, आणि काही चुकलं की आधी संशय यांच्यावर. मग यांनीही जायचं बंद केलं.

त्याच वर्षी शाळेने या मुलांसाठी एक माणूस नेमला, त्यांच्याच समाजातला. सगळे त्याला अंकल लेस म्हणत. नात्याचा नाही, पण वडीलधारा म्हणून अंकल. हे ऐकून मला ते लोक एकदम जवळचे वाटले. जन्मभर रेल्वेचे रूळ दुरुस्त केलेला माणूस. कँटीनशेजारची एक खोली त्याला दिलेली. दर मंगळवारी तिथे टोस्ट आणि चहा. त्यासाठी म्हणून जॅरड पुन्हा जाऊ लागले. मी विचारलं, शिकवायचे काय? जॅरड म्हणाले, पहिला महिनाभर काहीच नाही. एकदा फक्त विचारलं, तुझी आजी कोण? आणि निघालं काय, तर अंकल लेस जॅरडच्याच आजोबांबरोबर फुटबॉल खेळलेला. त्या शाळेत आपल्याला आधीपासून ओळखणारं कुणीतरी आहे, हे त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

पुढे तो या मुलांना नदीवर नेई, त्यांच्या भाषेतले शब्द सांगे. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसे आणि तास संपला की शिक्षकांशी बोले. थोडक्यात, मुलांबरोबर शिक्षकांनाही शिकवे. मी विचारलं, आणि मुलगा आलाच नाही तर? जॅरड म्हणाले, तरी अंकल लेस बसायचा. आपण गेलो नाही तरी तो तिथे आहे, हे आम्हाला माहीत असायचं.

मला वाटलं, आता सांगतील की सगळी मुलं सुधारली. तसं नाही. त्या खोलीत येणाऱ्या सात जणांतल्या चौघांनी शाळा पुरी केली. एक तुरुंगात आहे, त्यांचा चुलतभाऊच. हे सांगताना त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. शाळा पुरी केलेले चौघे मात्र नंतर लहान मुलांसोबत बसायला त्याच खोलीत येत. जॅरडही दोन वर्षं येत होते.

तू म्हणशील, आपा हे मला का सांगते? मी हर्णै बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, माझा शाळेशी काय संबंध?

ताहिर, तुझा भाचा, आपला ओवैस, तीन आठवडे शाळेत गेलेला नाही. सकाळी युनिफॉर्म घालून निघायचा आणि सनाबिसच्या मॉलमध्ये जाऊन बसायचा. शाळेतून फोन आला तेव्हा कळलं. अब्बांनी तुला मारलं होतं तसं याला मारायला याच्या बापाने, इक्बालने, हात उचलला, आणि या खेपेस मी मध्ये पडले. तुझ्या वेळी दाराआड उभी राहिले होते, ते मी विसरलेले नाही. ओवैस आमच्याशी बोलत नाही. विचारलं तर इंग्रजीत एक शब्द. काल रात्री जेवताना मात्र म्हणाला, मला मामूशी बोलायचंय. मी विचारलं, मामूशीच का? तर म्हणतो, तूच सांगतेस ना, मी अगदी मामूसारखा निघालो.

होय, सांगत आले मी. गेली दहा वर्षं त्याला धाक घालायला तुझंच नाव घेत आले. नववीत शाळा सोडली की असं होतं, म्हणत आले. आज त्याला समजून घेणारा माणूस शोधते आहे तर घरात तूच एक आहेस. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते. शुक्रवारी नमाजनंतर त्याला फोन कर. शाळेचं काही काढू नकोस, हवं तर इंजिनाबद्दलच बोल. त्याचा नंबर मागे लिहिला आहे. आणि मी सांगितलं म्हणून केला, असं त्याला सांगू नकोस. तुला वाटलं, म्हणून कर.

तुझीच,
मसूदा आपा