वाऱ्याचा आकडा

मंगळवार, संध्याकाळ. केळवे.

माझं ॲप सकाळी मंजूर झालं, तिसऱ्या खेपेला. हरखून सगळ्यात आधी काका-काकूंच्या फोनमध्ये टाकून दिलं. तेवढी घाई कशाला केली?

हवामानाच्या साइटवरचा वाऱ्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये, उचलून मी तो मोठ्या मराठी आकड्यात दाखवते. ॲप अधिकृत नाही, हे तळाला बारीक अक्षरात लिहिलंय. मागच्या खेपेला ॲप स्टोअरने ते परत पाठवलं होतं, कारण साइट बंद असली की पडदा कोरा राहायचा. म्हणून मी बदल केला. नवा आकडा आला नाही, तर माझ्या सर्व्हरवर साठवलेला जुनाच सगळ्यांना दाखवायचा. तपासणाऱ्यांना ते चाललं. मलाही चाललं, हेच खरं.

दुपारी काकांनी होडी काढण्याआधी फोन बघितला. "बारा हाय. आमी निगतो." आणि गेले.

चारनंतर माड वाकायला लागले, तेव्हा मी ॲप उघडलं. बारा. साइट उघडून बघितली, तर ती कालपासून बंद. म्हणजे तो बारा कालचा. काकांना किती वेळा फोन लावला, लागतच नाही. मच्छीमार सोसायटीत सगळं सांगून आले. ते वायरलेसवर हाका मारताहेत, अजून उत्तर नाही.

आत्ता काकू दारात आली. तिला कसं सांगू, म्हणून शब्द जुळवत होते, तोवर तिने स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाराच हाय गो. तू कशाला घाबरतेस?"