चपलांच्या कपाटातलं वेटोळं

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचं डोकं दुखायचं थांबलं का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलं आहे. ठीक म्हणजे, सगळे आहोत.)

या पाळीला बाबा तुझ्याकडून आले ते ऑक्सिजनचं यंत्र आणि हवेची गादी घेऊन. उकाडा सोसवेना म्हणून मागून एसी आला. मीटरपासून आमच्या मजल्यापर्यंत येणारी केबल जुनी, हात लावला की तापलेली. आयुष्यभर कारखान्यात केबली ओढलेल्या बाबांनी पलंगावरूनच हुकूम सोडला, “एकच जाडजूड टाक. विषय संपव.” पण मी पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवते, त्यामुळे तो संपवणं मला जमत नाही. मी त्यांना समजावलं की जाड केबलीच्या पोटातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तेवढंच तांबं दोन केबलींत वाटलं, तर दोघींचं मिळून हवा लागणारं अंग जास्त होतं, त्या लवकर निवतात आणि एकीपेक्षा जास्त करंट नेतात. बाबा म्हणाले, “दोघं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा ओढतोय.” ते केबलींबद्दलच बोलत होते असं मी धरून चालले.

आता, अशा जोडीत एक अट असते. दोन्ही केबली अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. एक आखूड असली की करंट तिच्याकडे जास्त धावतो आणि ती बिचारी जळते. आमच्याकडे एक केबल डक्टमधून सरळ वर आली, दुसरी मागच्या भिंतीला वळसा घालून. डक्टमधली पुष्कळ उरली. वायरमनने ती कापायला पक्कड काढली, तर मी त्याचा हात धरला.

“ताई, एवढी ठेवायची कुठं?”

“कुठंही. पण कापायची नाही.”

“भावाभावांची वाटणी करताय जणू.”

उरलेल्या केबलीचं मी दाराजवळच्या चपलांच्या कपाटात घट्ट वेटोळं करून ठेवलं, सुतळीने आवळून, अंबाड्यासारखं. रोजनिशीत लिहिलं, ‘दोघींना सारखा न्याय मिळाला.’ (ते पान फाडलेलं नाही. फाडावंसं वाटतं म्हणूनच.) वर बाबांची जास्तीची ब्लँकेटं कोंबली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. म्हणजे ज्या उष्णतेला बाहेर पडता यावं म्हणून एकीच्या दोन केल्या, तिलाच मी गुंडाळून, पांघरूण घालून, दार लावून निजवलं. परीक्षेत एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला घरी कसं वातावरण आहे ते विचारलं असतं.

गेल्या आठवड्यात भर दुपारी जळका वास आला. तुझ्या मेहुण्यांना तो स्वतःच्या नव्या बुटांचा वाटला, म्हणून त्यांनी बूट बाल्कनीत नेऊन ठेवले आणि पेपर वाचायला बसले. मग कपाटात फाडकन आवाज झाला आणि घरातलं सगळं बंद पडलं. बाबांचं यंत्रही. त्याच्या घरघरीला मी रोज वैतागायची. ती थांबल्यावरची शांतता कशी असते, ते तुला पत्रात सांगता येणार नाही. अडीअडचणीसाठीचा सिलिंडर उशाशीच उभा होता. तो उघडायची चावी हरवू नये म्हणून मी ठरावीक जागी टांगली होती. चपलांच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला.

मेहुण्यांनी धुरात छत्री घालून चावी काढली. तोवर बाबांचे ओठ निळे पडले होते. ते मला दोन बोटं दाखवत होते आणि मी त्यांना पाणी हवंय का विचारत होते. सिलिंडर सुरू झाल्यावर, बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “विचारत होतो. दोन्हींची लांबी सारखी होती ना?”

सध्या मागच्या भिंतीवरची केबल एकटीच सगळं ओढते आहे. एसी बंद, गीझर बंद, फक्त यंत्र चालू. मी अधूनमधून जाऊन तिला हात लावून बघते. एक तारखेपासून तुझी पाळी. ठरल्याप्रमाणे बाबांची बॅग भरायला घेतली आहे. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. चावी आता माझ्या गळ्यात असते. वर्गात मुली विचारतात, कसली.

ता. क. दुसरा. बॅग भरलेली नाही. बाबांना आता प्रवास झेपणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. वर लिहिलं नाही, कारण पाळी तुझी आहे आणि ठरलेलं मोडायला मला संकोच वाटतो. पण दादा, सहा महिने तू आणि सहा महिने मी, याला आपण इतकी वर्षं वाटून घेणं म्हणत आलो. खरं तर एका वेळी एकच केबल होती आणि तिच्यावर सगळा भार. तुझी पाठ काय उगाच गेली नाही. तेव्हा बाबांना न्यायला गाडी पाठवू नकोस, कपडे घेऊन तूच ये. किती दिवस ते मोजू नकोस. मीही मोजणार नाही. (प्रयत्न करेन.)

ता. क. तिसरा. बाबांनी आत्ता विचारलं, “तो येणार आहे, की गाडी?” मी म्हटलं, विचारते.