ओळखपत्राची गरज काय?

४ मार्च
शाळा सुरू झाल्या. गुन्सान शहरातली सगळी पोरं आता आमच्याच गल्लीतून जाणार. समोरच्या ग्वाकने दुकानात ओळखपत्र तपासायचं मशीन बसवलंय. पांढऱ्या केसांच्या माणसालाही कार्ड लावायला लावतो. मला म्हणाला, "बांग साहेब, तुमच्या दुकानातही घ्या. एकोणीसच्या आतल्या पोराला चुकून सिगारेटचं एक पाकीट गेलं तरी विक्री बंद करतात." मी नुसता हसलो. मला मशीन कशाला? मी डोळे बघून वय सांगतो.
संकल्प: आजपासून सिगारेट बंद. मला तशी सवय नाहीच, त्यामुळे अवघड जाणार नाही.

५ मार्च, दुपार
दुकानामागे एक ओढली. जेवणानंतरची धरायची नसते.

११ मार्च
आमची दा-ओन हल्ली फार टापटिपीने राहते. सतरा वर्षांची पोर, पण दिवसातून चार-चारदा दात घासते. खोलीत गेलं की पुदिन्याचा घमघमाट. बायकोला, मि-रानला म्हटलं, बघ, याला म्हणतात वळण. मि-रान म्हणाली, "टूथपेस्ट तर महिनाभर तीच आहे." बायकांना कौतुक करता येत नाही.

१५ मार्च
पोहण्याच्या कोचचा फोन. दा-ओनचा दम अर्ध्या तलावात संपतो म्हणे. मी सांगितलं, चीनकडून पिवळी धूळ येतेय, अख्ख्या शहराचा दम संपतोय. कोच म्हणाले, "बाकीच्या पोरींचा नाही संपत." चांगल्या कोचने तुलना करू नये.
मला स्वतः जाऊन बघायचं होतं. पण सकाळी सातपासून काउंटर. मि-रान दुपारी तासभर येते, तेवढ्यात जेवण आणि दुकानामागची एक. दुकान म्हणजे पाय बांधून ठेवणं.

२० मार्च
संकल्प नव्याने. धुरामुळे नाही, मि-रानच्या बोलण्यामुळे.
दा-ओन जेवताना चिडचिड करते, मध्येच उठून बाथरूममध्ये जाते. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणाली. परीक्षेचं टेन्शन. म्हटलं, "माझ्यासारखं मन घट्ट कर." ती माझ्याकडे बघत राहिली. बहुधा पटलं.

२७ मार्च
एक बाई आली. लांब कोट, लिपस्टिक, मास्क हनुवटीवर. वाफेच्या सिगारेटमध्ये घालायच्या पुदिन्याच्या कांड्या मागितल्या. डोळ्यांत संसाराचा थकवा. तिशी तरी असेल. विचारलंसुद्धा नाही. ग्वाक समोरून बघत होता. बघू दे. अनुभव कशाला म्हणतात ते कळेल त्याला.

२९ मार्च
पोलीस आले, मला चौकीत घेऊन गेले. ती तिशीची बाई दा-ओनच्या वर्गातली निघाली. बो-ग्योंग. शाळेच्या दप्तरात कांड्या सापडल्या. तिथे ती युनिफॉर्ममध्ये बसली होती. आता बघितलं तर बारा वर्षांचीच वाटावी.
हवालदार म्हणाला, "ओळखपत्र मागितलंत?" मी डोळ्यांचं सांगायला लागलो. त्याने लिहिणं थांबवलं.
बो-ग्योंगची आई तिच्यावर ओरडत होती. पोर हुंदके देत माझ्याकडे वळली. "काका, एकटीसाठी नव्हत्या. दा-ओनला तुमच्या दुकानातून घेता येत नाही ना."

३० मार्च
माझा विश्वास नाही. पोरी घाबरल्या की काहीही बोलतात.

३१ मार्च
दा-ओनच्या उशीखाली वाफेची सिगारेट सापडली. बोटाएवढी. हायलायटरसारखी दिसते. मी हायलायटरच समजलो असतो, मि-रानने ओढून दाखवली.
दा-ओन रडली नाही. म्हणाली, "अप्पा, दर सोमवारी सोडते. तिसऱ्या तासाला हात थरथरतात. बाथरूममध्ये जाते. मला वाटलं, पुदिन्याची वाफ आहे, त्यात काय. आता पोहतानाही तिचाच विचार येतो. पाण्याखाली, अप्पा."
मी म्हटलं, मनात आणलं तर माणूस एका दिवसात सोडतो.
"तुम्ही सोडलीत?"
म्हटलं, माझी गोष्ट वेगळी आहे. मला सवय नाही.
मग हवा खायला मागे गेलो. दोन ओढल्या. प्रसंगच तसा होता.

८ एप्रिल
आदेश आला. काही दिवस सिगारेट विकायला बंदी. मि-रानने काउंटरमागच्या सिगारेटच्या कपाटावर तपकिरी कागद चिकटवला. ग्वाक समोरून आला. कॉफी आणून दिली, ते जास्त लागलं.

१३ एप्रिल
आरोग्य केंद्रात गेलो, दा-ओनला घेऊन. दुकान मि-रानकडे. नर्स दा-ओनशी मोठ्या माणसासारखी बोलली. "या वयात मेंदू अजून घडत असतो. निकोटिन त्यात लवकर घर करतं. तू कमजोर नाहीस, तू अडकली आहेस." दा-ओन तिथे पहिल्यांदा रडली. आठवड्यातून एकदा यायचं ठरलं.
टेबलावर फुंकायचं यंत्र होतं. दा-ओनने फुंकलं, आकडा अगदी कमी. मी टाळी वाजवणार होतो. नर्स म्हणाली, "धुराचा वायू यात दिसतो, वाफेचं निकोटिन नाही. तिची वेगळी तपासणी करू. वडील ओढतात का?"
"नाही," मी म्हणालो.
दा-ओन भिंतीकडे बघत होती. नर्सने नवी नळी लावली आणि यंत्र पुढे केलं. सहज म्हणून फुंकलं. लाल दिवा लागला. आकडा चढतच राहिला.
"दिवसाला एक पाकीट?" नर्सने विचारलं.
मी म्हटलं, जेवणानंतरच्या धरून का?
येताना दोघांच्या नावाची कार्डं मिळाली. माझ्या दंडावर सिगारेट सोडवायची निकोटिनची पट्टी. बसमध्ये दा-ओनने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मी स्टॉप येईपर्यंत हललो नाही.

१८ एप्रिल
पाच दिवस. एकही नाही. दा-ओनचेही पाच. ती उशीत तोंड खुपसून किंचाळते, मी पेट्या उगाच इकडच्या तिकडे करतो.

२० एप्रिल, सकाळ
बंदी उठली. मि-रानने कागद काढला. माझ्या पाठीमागे पुन्हा अख्खी भिंत सिगारेटची, हात मागे केला की पाकीट.
शाळेला निघताना दा-ओन दारात थांबली. "अप्पा, मी निदान शाळेत असते. तुम्ही दिवसभर इथे कसं करणार?" म्हटलं, त्यात काय एवढं, माझा निश्चय पक्का आहे.
पहिलं गिऱ्हाईक आलं. एक पाकीट मागितलं. मी वळलो आणि दोन काढली.
दुसरं पाकीट अजून काउंटरवर आहे, फोडलेलं नाही. मि-रान दुपारी येते.