विशाखाचं रक्त बदललं तेव्हा

मुकुंदवाडी,
१७ जानेवारी १९९४

ती. अक्कास,
रामकिसनचा सप्रेम जय भीम. वि. वि. कारखान्यातले साहेबराव रोज फुलंब्रीहून येतात, त्यांच्या हाती पत्र धाडतोय. उत्तरही त्यांच्याच हाती दे.

विशाखाला दवाखान्यात ठेवलंय. रक्ताच्या कॅन्सरची औषधं चालू असताना ताप चढला अन् जंतूंचं विष रक्तात भिनलं. पोर हाकेला डोळे उघडत नाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, नुसत्या औषधानं भागेना. आता अंगातलं रक्त थोडं थोडं काढून तेवढंच ताजं भरायचं, म्हणजे विष निघेल. पण पोरीला सोसवेलच असं नाय. पोरीची आई असून चंपा म्हणते, करा. सहीला माझा हात उठत नाय. तूच सांग.

तुझ्या मायेवर उभा असलेला,
रामकिसन

फुलंब्री,
१८ जानेवारी

चि. रामकिसन यास अनेक आशीर्वाद.
पत्र साहेबरावांकडून वाचून घेतलं. पण हातावर हात ठेवून पोर जाऊ द्यायची का? चंपाला तुझ्यापेक्षा लई अक्कल हाय. तिचं ऐक, सही कर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागावं म्हणून आम्ही लाठ्या खाल्ल्या, तेव्हाही लोक म्हणायचे, व्हायचं नाय. चार दिवसांमागं लागलंच ना?

माझा रक्तगट पोरीचाच हाय. जनावरांची सोय लावून मागच्याच गाडीनं येते. ताजं रक्त पायजे ना, माझं घ्या. सुई मला टोचतील, चक्कर तुला येईल. तू बाहेरच बस.

रागावली तरी तुझीच,
भामाअक्का

मुकुंदवाडी,
११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
विशाखाचा जय भीम. पडूनच लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. हसू नको.

बाबांच्या सहीनं रक्त बदललं, अन् तू गेल्यापासून ताप नाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विष पार निघालं, पोरगी जिंकली. तुझं अन् बाबांच्या कारखान्यातल्या पुंजारामकाकांचं रक्त माझ्यात हाय, तिथल्या बाकीच्या काकांचंही हाय. पण डोळे उघडल्याबरोबर मी सिस्टरशी भांडले, ते तुझ्याच रक्तामुळं, असं आई म्हणते. कॅन्सरची औषधं पुन्हा सुरू होतील, केस पुन्हा जातील. जाऊ दे.

काल घरी आले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. बाबा उचलायला वाकले, मी नको म्हटलं. भिंत धरत, मधी ओट्यावर बसत, चालत दारापर्यंत आले. सगळी गल्ली बघत होती. घरात शिरले अन् आईला म्हटलं, भूक लागली. भाकरी खाल्ली. मग आणखी अर्धी मागितली.

लवकर ये, अन् लाड कमी करू नको.
तुझी,
विशाखा